तीन बोंडअळ्या, तीन कुळे: पतंगांचे नातेगोते ठरते कसे?

कपाशीच्या बोंडात तीन प्रकारच्या अळ्या सापडतात: हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी आणि गुलाबी बोंडअळी. तिघींचे पीक एक, राहायची जागा एक, आडनावही एकच. त्यांचे पतंग मात्र तीन वेगळ्या कुळांतले आहेत. हिरवी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, ही नॉक्टुइडी कुळातली. ठिपक्यांची, इअरिअस व्हिटेला, ही नोलिडी कुळातली. गुलाबी, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, ही जेलेकिइडी कुळातली. पहिल्या दोघी निदान नॉक्टुओइडिया या एकाच महाकुळात (जवळच्या कुळांच्या मोठ्या गटात) तरी येतात. गुलाबी त्यांच्यापासून इतकी दूरची आहे, की हिरव्या बोंडअळीचे तिच्यापेक्षा रेशीमकिड्याशी जवळचे नाते निघते.

शेतात या फरकाला किंमत आहे. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा कामगंध हा १६ कार्बनच्या साखळीचा अ‍ॅसिटेट असतो. हेलिकोव्हर्पाच्या मादीचा कामगंध तेवढ्याच लांबीचा अल्डिहाइड असतो आणि त्यातल्या दोन घटकांचे प्रमाण साधारण ९७ : ३ असते. त्यामुळे एकीच्या ल्यूरवर (सापळ्यातल्या कामगंधाच्या आमिषावर) दुसरीचे नर येत नाहीत. दोन्ही ल्यूर एकाच सापळ्यात टांगले, किंवा एक ल्यूर हाताळलेल्या हातानेच दुसरा बसवला, तर मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायला सांगतात आणि प्रत्येक सापळ्यात लागोपाठ ३ रात्री रोज ८ पतंग आले की उपाय सुरू करायला सांगतात. हे आकडे फक्त पेक्टिनोफोराच्या नरांचे आहेत. सापळ्यात चुकून आलेले दुसरे तपकिरी पतंग त्यात धरले, तर फवारणी विनाकारण होते.

पेक्टिनोफोराचा पतंग ओळखणे अवघड नाही. पंख पसरून तो जेमतेम १५ ते २० मिलिमीटर भरतो, म्हणजे हेलिकोव्हर्पाच्या साधारण निम्मा. मागच्या पंखाचे टोक निमुळते असते, टोकाखाली कडा आत वळलेली असते आणि कडेला लांब केसांची झालर असते. तोंडापुढची दोन स्पर्शके वर वळून डोक्यावर येतात. जेलेकिइडी कुळाची ही ठेवण टोमॅटोवरच्या टूटा अ‍ॅब्सोल्युटा या नागअळीच्या पतंगातही दिसते. ही अळी भारतात पहिल्यांदा २०१४ साली महाराष्ट्रातच नोंदली गेली. इअरिअसची खूण पतंगापेक्षा कोषात जास्त स्पष्ट आहे. नोलिडीतली अळी उलट्या होडीसारखा कोष विणते आणि त्याच्या एका टोकाला उभी चीर ठेवते. या कुळात हा कोष इतका सर्रास आढळतो, की नोलिडीतल्या जाती एकाच पूर्वजापासून आल्या याचा तो एक मोठा पुरावा धरला जातो. तरीही कृषी कीटकशास्त्राच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत इअरिअस अजून नॉक्टुइडीतच छापलेली आढळते.

मग कुळ ठरवायचे कशावरून? रंगावरून नाही आणि खाण्यावरूनही नाही. रंग आणि खाणे लवकर बदलतात आणि दूरच्या नात्यातही सारखे होतात. सोयाबीनवरची हिरवी उंटअळी नॉक्टुइडीतली आहे, तर त्याच पिकावरची तपकिरी उंटअळी इरेबिडीतली. दोघीही पाठीची कमान करत चालतात, कारण दोघींचे पोटाखालचे पाय कमी झाले आहेत. जिओमेट्रिडी कुळातल्या अळ्यांना तर पोटाखाली एक आणि शेवटी एक अशा पायांच्या दोनच जोड्या उरतात. ही चाल पतंगांच्या वंशात वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे आली. नाते शोधायचे तर सहज न बदलणाऱ्या अवयवांकडे पाहावे लागते: कान, सोंड, पंखांच्या शिरा आणि जननेंद्रिये.

सगळ्यांत उपयोगी पडतो तो कान. नॉक्टुओइडिया महाकुळातल्या पतंगांचे कान छातीच्या मागच्या भागात, मागच्या पंखाच्या मुळाजवळ असतात. जिओमेट्रिडी आणि पायरॅलोइडिया (वांग्याची फळे पोखरणाऱ्या अळीचे महाकूळ) यांचे कान पोटाच्या बुडाशी असतात. पण या दोन गटांतही कानाची रचना इतकी वेगळी आहे, की तो एकमेकांकडून आलेला असणे शक्य नाही. आतल्या संवेदी पेशींची संख्याही बोलकी आहे. जिओमेट्रिडी आणि पायरॅलोइडियाच्या कानात ४ पेशी असतात, बहुतेक नॉक्टुओइडियात २ आणि नोटोडोंटिडी कुळात फक्त १. काही स्फिंजिडी (स्फिंक्स) पतंग तर तोंडाच्या स्पर्शकांनी ऐकतात. थोडे विषयांतर करून सांगण्यासारखी एक गोष्ट इथे आहे. नॉक्टुइडी पतंगांच्या कानात राहणारी एक सूक्ष्म कोळीण (माइट) अमेरिकेतल्या अ‍ॅशर ट्रीट यांनी अभ्यासली. एका पतंगावर कितीही कोळिणी चढल्या तरी त्या एकाच कानात घर करतात, दुसऱ्याला हात लावत नाहीत. एक कान शाबूत राहिला तर पतंगाला वटवाघूळ ऐकू येते आणि त्याच्यासोबत कोळिणीही वाचतात.

कानाला सोंडेची जोड दिली की महाकुळापर्यंत पोहोचता येते. दहापट भिंगातून सोंडेचे मूळ पाहावे. सोंडेवर खवले आणि पोटाला कान असेल तर पायरॅलोइडिया. खवले आहेत पण कान नाही, तर बहुधा जेलेकिओइडिया, म्हणजे गुलाबी बोंडअळीचे महाकूळ. सोंड उघडी आणि कान छातीत, तर नॉक्टुओइडिया. सोंड उघडी आणि कान पोटात, तर बहुतेक वेळा जिओमेट्रिडी.

काम करताना चुका होतात त्या ठराविक ठिकाणी. शिरा दिसाव्यात म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला अल्कोहोलचा थेंब सोडतात. खवले क्षणभर पारदर्शक होतात, शिरा दिसतात आणि वाळल्यावर पंख पूर्ववत होतो. हिरव्या जिओमेट्रिडी पतंगांवर मात्र हा प्रयोग करू नये, त्यांचा हिरवा रंग ओलीने पिवळट पडतो आणि परत येत नाही. जननेंद्रिये पाहण्यासाठी पोट अलगद सुटे करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. साध्या तापमानाला ते रात्रभर राहते, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवले तर १०–१५ मिनिटे पुरतात. वेळ जास्त झाला की पातळ पडदे इतके पारदर्शक होतात की रंग दिल्याशिवाय काहीच दिसत नाही. पण सगळ्यांत मोठे नुकसान त्याआधीच होते. पोट घाईने मोडले की ते नेमके बुडाशी तुटते आणि पायरॅलोइडिया व जिओमेट्रिडीचा कान तिथेच असतो. म्हणून कान आधी पाहून, त्याचे छायाचित्र घेऊन, मगच पोट काढावे.

आता पतंगांच्या वंशाचे सगळे झाड पाहू. लेपिडॉप्टेरा या गणात २०११ च्या जागतिक सूचीप्रमाणे सुमारे १ लाख ५७ हजार जाती आणि १३३ कुळे होती. या गणाचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे ओढ्याकाठी दिसणारी कॅडिसमाशी. तिच्या पंखांवर केस असतात, पतंगांच्या पंखांवर त्या केसांच्या जागी खवले आले. झाडाच्या बुडाशी मायक्रोप्टेरिजिडी कुळ आहे. या पतंगांना सोंडच नाही. ते जबड्यांनी परागकण आणि नेच्यांचे बीजाणू चावून खातात. त्यानंतर सोंडेची फांदी फुटते. आणखी वर डायट्रिसिया हा गट येतो. यातल्या मादीला मीलनासाठी एक आणि अंडी घालण्यासाठी दुसरे, अशी दोन छिद्रे असतात. गणातल्या सुमारे ९८ टक्के जाती याच एका फांदीवर आहेत.

फुलपाखरेही याच फांदीवरचा एक डहाळ आहेत. १७५८ साली लिनियसने फुलपाखरे, स्फिंक्स आणि बाकीचे सगळे पतंग असे तीन गट केले. फुलपाखरे एका बाजूला, पतंग दुसऱ्या बाजूला, ही सवय तिथूनच रुजली. पण ‘पतंग’ हा नैसर्गिक गट नाही. फुलपाखरे वगळून उरलेल्यांना एकत्र बांधेल असे फक्त त्यांचेच म्हणता येईल असे लक्षण सापडत नाही. विसाव्या शतकात एक सोयीची समजूत होती, की फुलपाखरे आणि मोठ्या अंगाचे पतंग एकत्र, छोटे पतंग वेगळे. जनुकांच्या अभ्यासाने तीही मोडली. नॉक्टुओइडिया, जिओमेट्रिडी, रेशीमकिडे आणि स्फिंक्स या मोठ्या पतंगांचे जवळचे नाते निघाले ते पायरॅलोइडियाशी. म्हणजे तांदळाच्या डब्यात जाळी करणारा इवला पतंग किंवा वांग्याचे शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग हे हेलिकोव्हर्पाला फुलपाखरांपेक्षा जवळचे. फुलपाखरांच्या बाबतीत उलटही घडले. अमेरिका खंडातले हेडिलिडी कुळ रात्री उडते, दिसायला जिओमेट्रिडीसारखे आहे आणि त्यातच धरले जाई. १९८६ मध्ये माल्कम स्कोबल यांनी ते फुलपाखरांचे असल्याचे मांडले आणि पुढे जनुकांनीही तेच सांगितले.

हे सगळे कधी घडले? २०१९ साली अकितो कावाहारा आणि सहकाऱ्यांनी १८६ जातींतली दोन हजारांहून अधिक जनुके ताडून कालगणना मांडली. गणाची सुरुवात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, सोंड सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी आणि फुलपाखरे सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी. जीवाश्म इतके मागे जात नाहीत. उत्तर जर्मनीतल्या एका विंधन विवरात मिळालेले खवले सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातले काही आतून पोकळ आहेत आणि असे खवले सोंडवाल्या गटातच आढळतात. म्हणजे फुलझाडे पसरण्याच्या कितीतरी आधी सोंड अस्तित्वात होती. कावाहारा यांच्या अभ्यासातून दुसरी जुनी समजूतही गेली. पतंगांचे कान वटवाघळांमुळेच आले असे मानले जाई, पण काही गटांत कान वटवाघळे येण्याच्या आधीपासून होते. त्या गटांत कान आधी वेगळ्या कारणासाठी आला आणि पुढे वटवाघळांपासून बचावाला कामी आला.

वर्गीकरणात अलीकडे झालेली सर्वांत मोठी उलथापालथ नॉक्टुओइडियातलीच आहे. केसाळ अळ्यांचे आर्क्टिइडी आणि लिमॅन्ट्रिइडी ही कुळे शंभराहून अधिक वर्षे स्वतंत्र होती. २०११–१२ मध्ये रझा झहिरी आणि सहकाऱ्यांनी आठ जनुकांवरून दाखवले, की ही दोन्ही कुळे एका मोठ्या फांदीच्या आत बसतात. त्याच फांदीवर मोसंबी-संत्र्यांना सोंडेने भोक पाडून रस शोषणारे पतंग आणि एरंडीवरची उंटअळीही येतात. या फांदीला इरेबिडी कुळ म्हटले गेले. २४ हजारांहून अधिक जातींमुळे ते गणातले सर्वांत मोठे कुळ ठरले. संकेत पूर्वीही होते: नॉक्टुइडीच्या मागच्या पंखातली एक मधली शीर पुसट असते, इरेबिडीत ती ठसठशीत असते. याला अपवाद होते, म्हणून कोणी त्यावर कुळ उभे केले नव्हते. जुने ग्रंथ वापरताना हे लक्षात ठेवावे लागते. जॉर्ज हॅम्पसन यांचे ब्रिटिश भारतातल्या पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले. जातींच्या वर्णनासाठी ते आजही उघडावे लागतात, पण कुळांची नावे त्यातून उचलू नयेत.

आजकाल पतंगाचा एक पाय पाठवून ‘डीएनए बारकोड’ मिळवता येतो. तो सीओआय या जनुकातला ६५८ अक्षरांचा तुकडा असतो. जाती ओळखायला तो उत्तम आहे, कुळांचे नाते सांगायला कच्चा. हा तुकडा भराभर बदलतो. कोट्यवधी वर्षांत एकाच जागी अनेकदा बदल होतात आणि जुना बदल नव्याखाली झाकला जातो. शिवाय डायट्रिसियातल्या मुख्य फांद्या अगदी थोड्या काळात एकामागून एक फुटल्या, त्यामुळे त्यांच्या क्रमाचा पुरावा मुळातच तुटपुंजा आहे. हजारो जनुके एकत्र केली तरी काही ठिकाणी दोन अभ्यास दोन उत्तरे देतात.

असे एक न सुटलेले ठिकाण चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवनात दर पावसाळ्यात डोळ्यांसमोर असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाची कोवळी पाने शिरा सोडून फस्त करते ती हायब्लिया प्युएरा. नंतरच्या महिन्यांत पानांची जाळी करते ती यूटेक्टोना मॅकरॅलिस. हायब्लियाला पूर्वी नॉक्टुइडीत धरत, पण तिच्या छातीत कान नाही. पायरॅलोइडियात नेले, तर पोटातही कान नाही आणि सोंडेच्या मुळाशी खवलेही नाहीत. शेवटी जेमतेम वीसेक जातींचे तिचे स्वतंत्र कुळ आणि स्वतंत्र महाकूळ केले गेले. त्या महाकुळाची जागा फुलपाखरांच्या जवळ की पायरॅलोइडियाच्या, हे कोणती जनुके निवडली त्याप्रमाणे बदलत राहते. त्याच सागावरच्या यूटेक्टोनाचे कुळ सूक्ष्मदर्शीखाली लगेच ठरते: सोंडेवर खवले, पोटाच्या बुडाशी कान आणि कानाची कुपी पुढून उघडी, म्हणजे क्रॅम्बिडी.