१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच: फाइलींवरील विचित्र तारखांची पार्श्वभूमी

लिनक्स किंवा मॅकओएस चालणाऱ्या संगणकावर एखाद्या फाइलीपुढे १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी वेळ दिसते, दुसऱ्या एखाद्या फाइलीपुढे १४ डिसेंबर १९०१ येते, कुठे २४ जानेवारी १९८४ येते, तर कुठे चक्क पुढच्या शतकातला ७ फेब्रुवारी २१०६. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत, फोटो स्टुडिओत किंवा जुने दस्त स्कॅन करणाऱ्या केंद्रांत अशी तारीख दिसली, की पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा हार्ड डिस्कवर. प्रत्यक्षात या तारखा सहसा वाटेल तशा उमटलेल्या नसतात. त्यांपैकी बहुतेकींच्या मागे कोणीतरी, कधीतरी घेतलेला एक निर्णय असतो, आणि तो माहीत असला तर नुसत्या तारखेवरून बिघाड कोणत्या जागी आहे याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

मुळात युनिक्स घराण्यातील (लिनक्स, मॅकओएस याच घराण्यातले) प्रणाली फाइलीसोबत तारीख साठवतच नाही. ती साठवते एक संख्या, म्हणजे ठरावीक आरंभक्षणापासून लोटलेले सेकंद. दिवस, महिना, साल आणि स्थानिक वेळ हे सगळे दाखवताना हिशेब करून काढले जाते. मराठवाड्यातील जुनी महसुली कागदपत्रे हाताळणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. हैदराबाद संस्थानच्या कागदावरील फसली सनात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवले म्हणजे इसवी सन निघतो. तेच १३५७ साल कोणी हिजरी समजून वाचले, तर कागद बसल्या जागी नऊ-दहा वर्षे मागे जातो. कागदावरचा आकडा चुकलेला नसतो, तो कुठून मोजायचा हे चुकलेले असते.

युनिक्सचा आरंभक्षण तरी पहिल्यापासून १९७० होता का? नव्हता. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी उभारलेल्या या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीची माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे, आणि तिच्यात वेळ १ जानेवारी १९७१ पासून, तीही सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली जाते असे दिले आहे. साठावा भाग येण्याचे कारण अगदी व्यवहारातले होते: पीडीपी-११ या यंत्राचे घड्याळ अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेच्या ठोक्यावर चालत असे. (आपल्याकडे हे घडले असते तर वीज ५० हर्ट्झची असल्याने पन्नासावा भाग आला असता.) ही मोजणी ३२ बिटांच्या संख्येत होत होती आणि या गतीने ती संख्या जेमतेम सव्वादोन वर्षांत भरून जाते. ही अडचण पुस्तिकेतही नमूद होती. तात्पुरता उपाय म्हणून आरंभक्षण १९७२ पर्यंत पुढे सरकवण्यात आला, पण आरंभक्षण हलवला की आधी लिहिलेल्या सगळ्या फाइलींच्या तारखांचा अर्थ बदलतो, आणि म्हणूनच त्या काळातील जुन्या टेपा वाचताना कोणती फाइल कोणत्या सालची, हे अभ्यासकांना आजही इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते. शेवटी १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत मोजणी पूर्ण सेकंदांवर आणली गेली आणि आरंभ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीला कायम झाला. त्या तारखेला दुसरे काही विशेष घडले नव्हते. ती जवळची होती आणि हिशेबाला गोल होती, एवढेच.

सर्वांत जास्त वेळा दिसणाऱ्या विचित्र तारखेचा उलगडा इथेच होतो. फाइलीच्या वेळेच्या जागी शून्य असले, म्हणजे वेळ लिहायची राहून गेली, डाउनलोड अर्धवट तुटले किंवा एखाद्या प्रोग्रामने ती जागा कोरी सोडली, तर प्रणाली त्या शून्याचेही इमानदारीने रूपांतर करते. ग्रीनिचच्या मध्यरात्री भारतात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून आपल्याला ५:३० दिसते. न्यूयॉर्कमधल्या माणसाला तीच फाइल ३१ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळची दिसते. वेळ ५:२९:५९ दिसत असेल तर तिथे शून्य नसून उणे एक आहे, आणि उणे एक ही पूर्वापार ‘काम फसले’ असे कळवण्याची प्रोग्रामरांची रीत आहे. एका सेकंदाच्या या फरकावरून जागा कोरी राहिली की एखादी विनंती अयशस्वी झाली, हे बऱ्याचदा ओळखता येते. हाच उणे एक चिन्ह नसलेली ३२ बिटांची संख्या म्हणून वाचला गेला, की ७ फेब्रुवारी २१०६, सकाळी ११:५८:१५ उमटते.

१९०१ ची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती मराठवाड्यात नेमकी अडचणीची ठरते. युनिक्समध्ये वेळेची संख्या धन-ऋण चिन्हासह ठेवली गेली, त्यामुळे ३२ बिटांत १९७० च्या मागे-पुढे साधारण ६८-६८ वर्षे मावतात: ग्रीनिचच्या वेळेने मागची हद्द १३ डिसेंबर १९०१, पुढची १९ जानेवारी २०३८. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेल्यावर निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदपत्रांचे स्कॅनिंग आठही जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर झाले. अशा स्कॅन केलेल्या फाइलीवर अर्थातच स्कॅन केल्याची तारीख असते, दस्ताची नसते. आता एखाद्याने यादी सालवार लागावी या सद्हेतूने, १२९४ फसलीच्या, म्हणजे इसवी सन १८८४ च्या सुमाराच्या दस्ताच्या फाइलीला टच ही आज्ञा वापरून १८८४ ची तारीख द्यायचे ठरवले, तर लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल प्रणालीवर आज्ञा विनातक्रार पार पडते. मात्र यादी पाहिली की फाइलीपुढे १४ डिसेंबर १९०१, रात्री २:०७:०२ हे उमटलेले असते. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ५.४ या आवृत्तीपासून हद्दीबाहेरची वेळ हद्दीवर आणून बसवली जाते, आणि ईएक्सटी४ ची खालची हद्द अजूनही जुनीच, १९०१ ची आहे. त्यामुळे १८८४, १८९० आणि १९०० चे दस्त एकाच सेकंदावर येऊन थांबतात आणि सालवार क्रमाचा उद्देशच फसतो. दस्ताचे साल फाइलीच्या नावात किंवा वेगळ्या तक्त्यात लिहावे. टाइमस्टॅम्पवर हा भार टाकू नये.

त्या २:०७:०२ मध्येही थोडा इतिहास दडलेला आहे. ग्रीनिचची हद्द २०:४५:५२ ची. तिच्यात साडेपाच तास मिळवले तर २:१५:५२ यायला हवे होते. पण भारतीय प्रमाणवेळ लागू झाली ती १ जानेवारी १९०६ पासून, आणि संगणकातील कालक्षेत्रांच्या तक्त्यात भारतासाठी असलेल्या कोलकाता या एकमेव नोंदीत त्याआधी मद्रासची ५ तास २१ मिनिटे १० सेकंदांची वेळ धरलेली आहे. निजामाच्या राज्यातील गावांची स्वतंत्र नोंद या तक्त्यात नाही.

फाइलीच्या तारखेला एवढे महत्त्व येण्यामागे मेक या साधनाचा मोठा वाटा आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्येच लिहिले. मूळ कोड तयार प्रोग्रामपेक्षा नवा असेल तरच पुन्हा बांधणी करायची, हा त्याचा नियम पूर्णपणे बदलाच्या वेळेवर उभा आहे. त्यामुळे घड्याळ थोडे जरी पुढे-मागे झाले तरी मेक ‘फाइलीची वेळ भविष्यातली आहे’ असा इशारा देते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट हे साधन जुन्या फाइलींच्या वेळा जपत नाही, याचे कारणही हेच: जुनी आवृत्ती काढताना जुनी वेळही परत आली असती तर मेकला बदल झाल्याचे कळलेच नसते. नवख्या विद्यार्थ्याला मात्र दहा वर्षांपूर्वीचा प्रकल्प उतरवल्यावर सगळ्या फाइली आजच्या दिसतात आणि तो गोंधळतो.

प्रत्येक फाइलीला एकच वेळ नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. शेवटच्या वाचनाची, मजकूर बदलल्याची आणि आयनोडमधील (फाइलीविषयीच्या नोंदी ठेवण्याच्या जागेतील) माहिती बदलल्याची अशा तीन वेळा परंपरेने चालत आल्या आहेत. पहिल्या दोन वेळा टच आज्ञेने हव्या तशा बदलता येतात, तिसरी येत नाही, म्हणून कोणी तारखेत फेरफार केला असावा असा संशय आला की जाणकार तिसरीकडे पाहतात. वाचनाच्या वेळेवर तर आज फारसे विसंबताच येत नाही. प्रत्येक वाचनाला डिस्कवर लिहावे लागते हा खर्च परवडेना, म्हणून २००९ च्या २.६.३० या कर्नलपासून लिनक्स ती नोंद सहसा दिवसातून एकदाच अद्ययावत करते. फाइल जन्मल्याची चौथी वेळ ईएक्सटी४ मध्ये साठवली जाते आणि २०१७ नंतर ती प्रोग्रामांना सरळ वाचताही येऊ लागली. इथे आणखी एक चमत्कार दिसतो: मूळ वेळ राखून प्रत काढली, तर नव्या प्रतीचा जन्म तिच्या शेवटच्या बदलानंतरचा असतो. त्यात संशयास्पद काहीही नाही.

आता खऱ्या बिघाडांकडे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली, की वीज गेल्यावर घड्याळ कारखान्यातल्या तारखेला परत जाते, हे दुरुस्तीच्या दुकानात सर्वांना ठाऊक आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात तर पाचव्या पिढीपर्यंत स्वतःचे घड्याळच नव्हते. विहिरीची पातळी किंवा जमिनीतील ओल नोंदवायला असा पाय शेतात बसवला, आणि फीडरची वीज रात्री दोनला जाऊन सकाळी सहाला आली, तर यंत्र जागे होते ते दोनच्या आसपासच्या वेळेवर. बंद होण्याआधी फाइलीत लिहून ठेवलेली वेळ वाचून ते पुढे चालू लागते, इंटरनेट असेल तर काही मिनिटांत सावरते आणि नसेल तर नोंदी चार तास मागेच राहतात; पुढच्या वीजकपातीला त्यात आणखी भर पडते. सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या प्रणालींत याच कामासाठी एक रिकामी फाइल असते, जिची बदलाची वेळ हेच तिचे काम. टाइमस्टॅम्पलाच घड्याळ करण्याची ही युक्ती मला फार आवडते.

नेमका साडेपाच तासांचा फरक पडला असेल तर बॅटरीकडे पाहण्याची गरज नसते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स ग्रीनिचची धरते. त्यामुळे सकाळी दहाला लिनक्स सुरू केले की त्याला दुपारचे साडेतीन वाजल्यासारखे वाटते, आणि तेवढ्यात लिहिलेल्या फाइली भविष्यातल्या होतात. पेन ड्राइव्हवरही हेच घडते, कारण डॉसपासून चालत आलेल्या फॅट पद्धतीत वेळ स्थानिक असते आणि ती कुठल्या ठिकाणची, याची नोंदच नसते. फॅटचे आणखी दोन स्वभाव आहेत: तिचे कॅलेंडर १९८० पासून सुरू होते आणि सेकंद मोजायला पाचच बिटे असल्याने वेळ दोन-दोन सेकंदांनी सरकते. पेन ड्राइव्हवर आरसिंक या फक्त बदललेल्या फाइली उतरवणाऱ्या साधनाने बॅकअप घेताना काहीही बदललेले नसूनही त्याच फाइली पुन्हा पुन्हा उतरतात, त्याचे कारण बऱ्याचदा ही दोन सेकंदांची पायरी असते. एका सेकंदाचा फरक माफ करण्याचा पर्याय आरसिंकमध्ये त्यासाठीच ठेवला आहे.

काही तारखा मात्र मुद्दाम घातलेल्या असतात. मॅकओएसवर फाइल उतरत किंवा कॉपी होत असताना फाइंडर हा तिथला फाइली हाताळणारा प्रोग्राम तिच्यावर तात्पुरती २४ जानेवारी १९८४ ही खूण ठेवतो. पहिला मॅकिंटॉश जगापुढे आला तो हा दिवस. कॅलिफोर्नियातील मध्यरात्र भारतात दुपारी दीड होते, म्हणून दुपारी १:३० ची करड्या रंगाची फाइल दिसली तर कॉपी मध्येच तुटली असे समजावे. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातील पॅकेजांतल्या सगळ्या फाइलींवर २६ ऑक्टोबर १९८५ असते. झिपला १९८० पूर्वीची तारीख झेपत नाही, म्हणून ऐंशीच्या दशकातली कोणतीतरी तारीख हवी होती, आणि ती निवडताना एका अमेरिकी चित्रपटातील कालप्रवासाची आठवण ठेवली गेली. निक्स या पॅकेज-व्यवस्थापकात साठवलेल्या प्रत्येक फाइलीवर १९७० चा पहिला सेकंद असतो. एकाच कोडपासून कोणीही, कधीही बांधणी केली तरी अक्षरशः तीच फाइल निघावी, हा त्यामागचा आग्रह. तारीख बदलली तर तपासणीचा ठसाही बदलेल.

राहिली २०३८ ची पुढची हद्द. भारतात ती १९ जानेवारीला सकाळी ८:४४:०७ वाजता येईल. युनिक्स घराण्यातीलच ओपनबीएसडी या प्रणालीने २०१४ मध्येच सर्व यंत्रांवर वेळेसाठी ६४ बिटे घेतली, ३२ बिटांच्या यंत्रांसाठी लिनक्स कर्नलची तयारी २०२० मधील ५.६ आवृत्तीपर्यंत पूर्ण झाली, आणि ईएक्सटी४ ने आयनोड २५६ बाइटचा करून त्यात मिळालेल्या जादा बिटांपैकी दोन सेकंदांच्या मोजणीला दिल्याने तिची हद्द २४४६ पर्यंत गेली. मात्र आयनोडचा आकार फाइल प्रणाली बनवतानाच ठरतो, आणि लहान विभागांसाठी जुनी साधने १२८ बाइटच घेत असत. म्हणून आजही एखादी जुनी डिस्क किंवा छोटा बूट विभाग जोडला की कर्नलच्या नोंदींत, ही फाइल प्रणाली २०३८ पर्यंतच्याच वेळा साठवू शकते, अशी एक ओळ येते. ट्यून२एफएस या प्रोग्रामला विचारले की तो आयनोडचा आकार सांगतो. १२८ असेल तर त्या विभागातील मजकूर बाहेर काढून विभाग नव्याने बनवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.