दावं कुणी सोडायचं?

जुलै 2021च्या पुरात गोव्यातल्या म्हादई आणि रगाडा नद्या पात्राबाहेर आल्या. 1982नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. सत्तरी तालुक्यात माझ्या मामाच्या गोठ्यात पाणी शिरलं तेव्हा काथ्याचं दावं भिजून फुगलेलं, निरगाठ काही सुटेना. शेवटी मामाने कोयत्याने दावं कापलं. गाय उंचावर गेली, माणसंही निघाली, आणि मागच्या पडवीत कुत्रा साखळीलाच राहिलाय हे मामीच्या लक्षात आलं. ती कमरेएवढ्या पाण्यातून परत फिरली. दोघं वाचली, पण ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

माणूस जनावरासाठी मागे फिरतो हे गोठा सांभाळणाऱ्याला कुणी सांगायला नको. सरकारांना ते उमगायला मात्र 2005 साल उजाडलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आलं. निवाऱ्यांत आणि बसमध्ये प्राण्यांना मज्जाव होता, म्हणून कित्येकांनी घर सोडलंच नाही. नंतरच्या एका पाहणीत, मागे राहिलेल्यांपैकी सुमारे 44 टक्के लोकांनी पाळीव प्राणी हे एक कारण सांगितलं. ऑक्टोबर 2006मध्ये तिथे कायदा झाला: स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राणी धरलेच पाहिजेत.

जपानची वाट भूकंपातून गेली. 11 मार्च 2011च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमा अणुप्रकल्पाभोवतालची माणसं घाईने हलवली. दोन दिवसांत परतू या समजुतीने अनेकांनी कुत्री-मांजरं घरीच ठेवली. परतणं झालंच नाही. 2013मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा एवढाच की निघताना प्राण्याला सोबत घेऊन निघा. त्यासाठी आधीची तयारी मालकाची: पिंजऱ्यात शांत बसायची सवय, लसीकरण, गळ्यात ओळखपट्टी, काही दिवसांचं खाणं.

आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005चाच. त्यातल्या आपत्तीच्या व्याख्येत जीवितहानी, मालमत्ता, पर्यावरण आहे. प्राण्यांचा वेगळा उल्लेख नाही. आपत्ती निधीच्या 2022पासूनच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीच्या मृत्यूला 37,500 रुपये आहेत. शेतकऱ्याला त्या पैशांचा आधार होतो, तो हवाच. पण ती मदत जनावर गेल्यावरची, आणि कुत्र्या-मांजराला तीही नाही. ऑगस्ट 2018च्या केरळच्या पुरात त्रिशूरमध्ये एका बाईने आपल्या 25 कुत्र्यांशिवाय बोटीत पाय ठेवायला नकार दिला, तेव्हा कुठे देशभर या प्रश्नाची चर्चा झाली.

भूकंप गोव्याला परका वाटतो. तरी भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात गोवा वर्षानुवर्षं तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात राहिला आहे, आणि 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा कोयनेचा धक्का इथवर जाणवला होता. पूर निदान थोडी सूचना देतो, भूकंप देत नाही. घाबरलेलं मांजर पलंगाखाली नाहीतर माळ्यावर दडतं, हाकेला येत नाही. त्याच्या नेहमीच्या लपायच्या जागा घरातल्या सगळ्यांना ठाऊक हव्यात.

एका बाबतीत गोवा पुढे आहे. कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाची मोठी मोहीम इथे राबवली गेली आणि 2021मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. शाळेतल्या निवाऱ्यात शेजारी कुत्रा असला तर लोक आधी चावण्याला भितात. लसीचा कागद हाती असला की ती भीती पुष्कळ कमी होते.

मामाच्या गोठ्यात आता खुंट्याकडे सुरगाठ असते, एका हिसक्यात सुटणारी. कुत्र्याची साखळी रात्री काढून ठेवतात. दिवाळीच्या पाडव्याला गोरवांना, म्हणजे गाई-बैलांना, माळा घालतात तेव्हा मामी जुनं दावं बदलते, आणि गाठ धाकट्या नातवाकडून सोडवून घेते.