एक-तृतीयांश हस्तलिखितातून उभी राहिलेली ‘मायक्रो’

अमेरिकन कादंबरीकार मायकेल क्रायटन यांचे ४ नोव्हेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ६६व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले. आजाराची वाच्यता त्यांनी होऊ दिली नव्हती, त्यामुळे वाचकांना ही बातमी अनपेक्षित होती. त्यांच्या संगणकावर ‘पायरेट लॅटिट्यूड्स’ ही पूर्ण कादंबरी सापडली आणि ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘मायक्रो’ या दुसऱ्या कादंबरीचा प्रश्न मात्र बिकट होता, कारण तिचा जेमतेम एक-तृतीयांश भाग लिहून झाला होता.

हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ती पूर्ण करण्याचे काम रिचर्ड प्रेस्टन यांच्याकडे सोपवले, ही निवड मला विचारपूर्वक केलेली वाटते. इबोला विषाणूवरील ‘द हॉट झोन’ (१९९४) आणि कॅलिफोर्नियातील रेडवूड वृक्षांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टीचा वेध घेणारे ‘द वाइल्ड ट्रीज’ (२००७) लिहिणारा हा लेखक, अर्ध्या इंचाएवढी केलेली माणसे हवाईतील ओआहू बेटावरच्या जंगलात सोडून देणाऱ्या कथानकाला साजेसाच होता. मुंग्या, गोम, दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात अंडी घालणारी गांधीलमाशी यांची वर्णने पुस्तकात सर्वांत जिवंत उतरली आहेत. त्या मानाने खलनायक कंपनीप्रमुख ठोकळेबाज वाटतो.

विज्ञानकथेत असा प्रयोग नवा नव्हता. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५५ मधील आराखड्यावरून स्पायडर रॉबिन्सन यांनी लिहिलेली ‘व्हेरिएबल स्टार’ २००६ मध्ये आली होती. आर्थर सी. क्लार्क यांच्या ‘द लास्ट थिअरम’चे बहुतांश लेखन फ्रेडरिक पोल यांनी केले असले, तरी मार्च २००८ मध्ये निधन होण्यापूर्वी क्लार्क यांना ते हस्तलिखित पाहता आले होते. क्रायटन यांच्या वाट्याला ती संधी आली नाही. प्रेस्टन यांच्या हाती होते ते केवळ त्यांचे लिखाण, टिपणे आणि संशोधन.

नोव्हेंबर २०११ मध्ये ‘मायक्रो’ बाजारात आली. कोणते पान कोणाचे, याची खूण कथेत कोठेही नाही. अपवाद आहे तो प्रस्तावनेचा. २८ ऑगस्ट २००८ ही तारीख असलेली ही प्रस्तावना क्रायटन यांनी अर्धवट सोडली होती आणि ती तशीच छापण्यात आली. शाळकरी मुलांना भोवतालची साधी झाडे व कीटकही ओळखता येत नाहीत, ही निसर्ग-अभ्यासक डेव्हिड अॅटनबरो यांची खंत तिच्या आरंभी आहे. सलग कादंबरी हवी असलेल्या वाचकाला ती खटकेल. मला तरी त्या पुस्तकातला क्रायटन यांचा निखळ आवाज तिथेच ऐकू येतो.

पुढे त्यांच्या पत्नी शेरी क्रायटन यांनी हवाईतील मौना लोआ ज्वालामुखीवरील आणखी एक अपूर्ण हस्तलिखित थरारकथा लेखक जेम्स पॅटरसन यांच्याकडे दिले आणि जून २०२४ मध्ये ‘इरप्शन’ प्रसिद्ध झाली. पॅटरसन यांची आखूड प्रकरणांची सवय तिच्यात लगेच ओळखू येते.