आंधळ्या-बहिऱ्या कुत्र्याच्या डोक्यातला हिशोब

दिवाळीच्या साफसफाईत आमचा सोफा या भिंतीचा त्या भिंतीला गेला आणि आमचा मोती दोन दिवस हॉलच्या मधोमध नुसता उभा. वय 14, मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, कान त्याच्याही आधीच गेले. पाण्याचं भांडं होतं तिथेच होतं, तरी सापडेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो म्हणजे यमदूत दिसतायत त्याला. अहो काकू, त्याला तुम्हीपण दिसत नाही! आणि दुसरीकडे ते रीलवाले, कुत्र्याला म्हणे सिक्स्थ सेन्स असतो. मग सोफा हलल्यावर कुठे गेला तो?

मग इतके दिवस हा घरभर बिनधास्त फिरायचा कसा? वासावर, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं. समजा लाईट गेलीय, तुम्ही अंधारात चार पावलं सरळ गेलात, उजवीकडे वळून तीन पावलं. आता निघालात ती जागा तिरकी पाच पावलांवर आहे, शाळेतला पायथागोरस. हा हिशोब कुत्र्याचा मेंदू चालता चालता करत असतो. 1998 मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला, त्यात कुत्र्यांचे डोळे-कान झाकून त्यांना एल आकाराच्या वाटेने फिरवलं, तरी सोडल्यावर ती ठरलेल्या जागेकडे बऱ्यापैकी नीट गेली.

यात पावलांचा हिशोब पाय आणि सांधे देतात आणि वळणाचा देतो, गंमत बघा, कानच! आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यात द्रव, डोकं वळलं की द्रव जरा मागे रेंगाळतो, त्याने आतल्या बारीक केसांसारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला कळतं किती वळलो. ऐकण्याचं काम बाजूच्या गोगलगाईसारख्या कॉक्लियाचं, म्हातारपणी सहसा ती झिजते, नलिका बऱ्याचदा शाबूत राहतात. म्हणजे बहिरा कान वळणं मात्र मोजत असतो.

पण या हिशोबात चूक साठत जाते. वळताना पाच अंशांची गफलत झाली तर दहा पावलांवर जवळजवळ एक पाऊल बाजूला. म्हणून मध्ये मध्ये एखादी पक्की खूण लागते, जिला टेकलं की साठलेली चूक पुसली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. सोफ्याचा कोपरा हा मोतीचा झिरो माईलचा दगड होता, आणि आम्ही तोच उचलून नेला.

हे कळल्यावर घरात काय करायचं ते आपोआप सुचतं. स्वयंपाकघराच्या दारात काथ्याचं पायपुसणं, जिन्याआधी खडबडीत रबरी मॅट, म्हणजे पंजाला खूण मिळते (जिन्याला आडवी फळी तरीही हवीच, आणि बाहेर पट्टा सोडायचा नाही). कुत्र्याला उचलून दुसरीकडे ठेवू नका, तेव्हा पावलं मोजली जात नाहीत, उचललंच तर दरवेळी पाण्याच्या भांड्यापाशीच उतरवा. फिनाईल कमी, त्या वासात बाकीचे वास बुडतात. झोपेतून उठवताना आधी नाकासमोर हात धरा, दचकून चावू शकतो बिचारा. आणि फर्निचर तसंच असताना तो हरवायला लागला किंवा डोकं भिंतीला दाबून धरायला लागला तर लगेच डॉक्टर.

सोफा परत जुन्या जागी नेला. तासाभरात मोती कोपऱ्याला नाक लावून वळला आणि थेट भांड्यावर. आईचं म्हणणं अजून तेच, की सोफा नव्या जागी जास्त शोभत होता.