पित्ताच्या वाटेने फिरणारं विष

अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी पार्कर्सबर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या ड्युपॉन्टच्या कारखान्यात टेफ्लॉन बनवताना पीएफओए हे रसायन वापरत. वर्षानुवर्षं ते नदीत, हवेत आणि शेवटी आसपासच्या गावांच्या नळाच्या पाण्यात उतरत राहिलं. लोक कोर्टात गेले, तडजोड झाली आणि तिच्यातून २००५-०६ मध्ये सुमारे ६९ हजार जणांची रक्ततपासणी झाली. तीन साथरोगतज्ज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत सहा आजारांचा या रसायनाशी संबंध असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, असा निष्कर्ष काढला. बातम्यांमध्ये गाजला तो किडनीचा आणि वृषणाचा कर्करोग. मात्र त्या यादीत अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं, पोट मुरडून दिवसातून अनेकदा शौचाला धावावं लागतं आणि औषधं वर्षानुवर्षं सुटत नाहीत.

पाण्यातलं रसायन आतड्यालाच का छळत असावं? याचा एक धागा पित्तापर्यंत जातो.

पीएफओए हे ‘पीफास’ या मोठ्या कुटुंबातलं रसायन. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो, की आपल्या शरीरातली विकरं तो तोडू शकत नाहीत. यकृत हे रसायन पित्तातून आतड्यात सोडतं. पण चरबी पचवायला लागणारी, पित्तातली पित्ताम्लं शरीर वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात आणि पुन्हा यकृताकडे जातात. पीफासची काही रसायनं पित्ताम्लांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांवर स्वार होतात. मूत्रपिंडंही त्यांना गाळून टाकण्याऐवजी बरीचशी परत घेतात. त्यामुळे घोटभर पाण्यातून आलेला अंश आतड्याच्या अस्तरावरून एकदाच जात नाही, पुन्हा पुन्हा जातो. स्वीडनमधल्या रॉन्नेबीत हवाईतळावरच्या आग विझवायच्या फेसातून पाण्यात पीफास उतरलं होतं. ते पाणी बंद केल्यावर संशोधकांनी लोकांचं रक्त तपासत राहून मोजलं, तर पीएफओएचं प्रमाण निम्मं व्हायला २.७ वर्षं लागत होती, याच कुटुंबातल्या पीएफओएसचं ३.४ आणि पीएफएचएक्सएसचं ५.३ वर्षं.

या फेऱ्यांमध्ये रसायनाची गाठ आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंशी पडते. केंब्रिजमध्ये किरण पाटील यांच्या प्रयोगशाळेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंचे ३८ प्रकार त्यांनी तपासले. त्यांतल्या काहींनी काही मिनिटांतच भोवतालचं २५ ते ७४ टक्के पीफास आत ओढून घेतलं. आत ते विखुरलेलं न राहता त्याचे गोळे होतात, आणि बहुधा म्हणूनच जिवाणू मरत नाहीत. असे जिवाणू उंदरांच्या पोटात सोडल्यावर त्यांच्या विष्ठेतून जास्त पीफास बाहेर पडलं. म्हणजे जिवाणू इथे विषाचा भार वाहून बाहेर नेणारेही ठरू शकतात. पण हे उंदरांमध्ये दिसलं आहे, त्याच्या भरवशावर प्रोबायोटिकच्या पुड्या विकत घेऊ नयेत.

डायॉक्सिन आणि फ्युरान या दुसऱ्या विषांची तऱ्हा वेगळी. पीव्हीसीसारखं क्लोरिन असलेलं प्लास्टिक उघड्यावर जळतं तेव्हा ही रसायनं तयार होतात. २०१६ साली देवनारच्या कचराभूमीत भडकली तशी आग आपल्याकडे नवी नाही. आतड्याच्या पेशींमध्ये एएचआर नावाचा एक ग्राहक, म्हणजे ठरावीक द्रव्य येऊन बसलं की पेशीला इशारा देणारं प्रथिन, असतो. जिवाणू अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतात, कोबीवर्गातल्या भाज्यांमधूनही तशीच द्रव्यं मिळतात. ती या कुलपात किल्लीसारखी बसतात, अस्तराची डागडुजी सुरू होते आणि थोड्या वेळात त्यांचा निचरा होतो. डायॉक्सिनही त्याच कुलपात बसतं, पण शरीराला ते सहजासहजी मोडून टाकता येत नाही, त्यामुळे तोच इशारा नको तितका लांबतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांना टीसीडीएफ हे फ्युरान खाऊ घातलं, तेव्हा आतड्यातल्या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचं परस्पर प्रमाण पालटलं, पित्ताम्लांवर नजर ठेवणारी यंत्रणा मंदावली आणि दाह वाढला. ज्या उंदरांमध्ये एएचआरच नव्हता त्यांच्यात हे बदल झाले नाहीत.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. रॉन्नेबीच्या लोकांमध्ये आतड्याच्या दाहाचे आजार शोधले, तेव्हा पार्कर्सबर्गसारखा ठाम संबंध सापडला नाही. दोन्हीकडच्या पाण्यातलं मिश्रण वेगळं होतं, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. म्हणून ‘पीफासने कोलायटिस होतो’ असं सरसकट विधान मी करणार नाही. पण रसायन आतड्यात वारंवार येतं, याचा पुरावा डेन्मार्कमधल्या कोर्सर इथे माणसांवरच मिळाला. अग्निशमन प्रशिक्षण केंद्राशेजारच्या, फेसातलं पीफास उतरलेल्या कुरणात चरलेल्या गुरांचं मांस खाल्लेल्या लोकांना कोलेस्टायरामाइन हे जुनं, पित्ताम्लांना आतड्यातच धरून ठेवणारं औषध दिलं. १२ आठवड्यांत रक्तातलं पीएफओएस सुमारे ६० टक्क्यांनी उतरलं. पित्ताची परतवाट अडवली की विष विष्ठेवाटे निघून जातं. या औषधाने पोट बिघडतं, बद्धकोष्ठता होते, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. इटलीत व्हेनेटो प्रांतातलं पाणी दूषित करणारा त्रिस्सिनोचा मितेनी कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि त्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएससाठी प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. आपल्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजल मानकात पीफासची मर्यादा घातलेली नव्हती. लोट्याच्या आसपासच्या विहिरींचं आणि वाशिष्ठी नदीच्या पाण्याचं पीफाससाठी परीक्षण व्हायला हवं आणि आकडे जाहीर व्हायला हवेत. पार्कर्सबर्गमध्ये हे मोजमाप झालं तोवर रसायन हजारो लोकांच्या रक्तात पोचलेलं होतं.