गिअर पेटी, आडवाटेच्या मोटारींतील

चिखल, वाळू, खडकाळ नदीपात्र किंवा रस्ताच नसलेला उभा चढ-उतार अशा ठिकाणी चालवायच्या मोटारीत गिअर हाताने बदलायचे की आपोआप बदलू द्यायचे, या निवडीचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. स्वयंचलित पेटी म्हणजे येथे टॉर्क कन्व्हर्टर (एंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, क्लचऐवजी द्रवातून पेटीकडे पोचवणारा व वाढवणारा भाग) असलेली पेटी समजावी. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) हा प्रकार स्वयंचलित म्हणून विकला जात असला, तरी त्यात नेहमीचाच कोरडा क्लच यंत्राकरवी दाबला जातो. चालकाचा पाय वाचतो, क्लच वाचत नाही. म्हणून तो येथे धरलेला नाही.

स्वयंचलित पेटीचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास केंद्रोत्सारी वजनांवर चालणारी दोन वेगांची पेटी बनवली. ती भरवशाची ठरली नाही. कॅनडाचे आल्फ्रेड हॉर्नर मन्रो यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी द्रवाऐवजी दाबाखालील हवेवर चालणारी रचना मांडली, तिच्यात पुरेशी ताकद नव्हती. जुझे ब्राझ आरारिपे व फेर्नांदू लेमुस यांनी १९३२ मध्ये द्रवचलित पेटीचा नमुना करून तो जनरल मोटर्सला विकला, असे ब्राझीलमध्ये सांगतात. अमेरिकी लेखनात मात्र जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या स्वयंचलित पेटीचे श्रेय मुख्यतः अर्ल टॉम्पसन यांच्या चमूला दिले जाते. आडवाटेच्या दृष्टीने यांपैकी कोणताच दावा फारसा कामाचा नाही. १९४० च्या ओल्डस्मोबिलमधील हायड्रामॅटिकमध्ये साधे द्रव-युग्मक होते. ते टॉर्क पोचवत असे, वाढवत नसे. टॉर्क वाढवणारा कन्व्हर्टर हा जर्मन अभियंते हेरमान फ्यॉटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी पेटंट घेतलेल्या कल्पनेचा वंशज असून, अमेरिकी प्रवासी मोटारीत तो ब्यूइकच्या डायनाफ्लो पेटीतून १९४८ च्या मॉडेलपासून रुळला. वंशावळ लावायचीच, तर ती फ्यॉटिंगर यांच्यापासून लावणे अधिक सयुक्तिक दिसते.

१९६३ ची जीप वॅगनीअर ही स्वयंचलित पेटी मिळणारी पहिली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी होय, असे विधान सर्रास आढळते. नागरी मोटारींपुरतेच ते मानावे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी एम-५ रणगाड्यात कॅडिलॅकची दोन एंजिने व त्यांना जोडलेल्या हायड्रामॅटिक पेट्या होत्या, आणि १९५० च्या दशकारंभी आलेल्या जीएमसीच्या एम-१३५ या सहाही चाके ओढणाऱ्या लष्करी ट्रकमध्येही हीच पेटी होती. उलट रेंज रोव्हरसारख्या ऐटबाज गाडीला, ती १९७० मध्ये आली तरी, कारखान्यातून स्वयंचलित पेटी मिळायला १९८२ उजाडले.

पेटी कोणती, याआधी ‘लो’ आहे का, हे पाहावे लागते. गिअर पेटीमागील ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या व मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीत) हा जादा हळू टप्पा असतो. पहिला गिअर, लो आणि अ‍ॅक्सल यांच्या प्रमाणांचा गुणाकार केला, की एंजिनाच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरते ते कळते. १९४१ च्या विलीज एमबी जीपमध्ये तीन गिअरांची पेटी होती व हा आकडा सुमारे २६ होता. २०१८ च्या पिढीच्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये हाताच्या पेटीसह (५.१३ × ४ × ४.१) तो सुमारे ८४ आणि स्वयंचलितसह (४.७१ × ४ × ४.१) सुमारे ७७ भरतो. कागदावर हाताची पेटी जिंकते. पण गाडी जागची हलत असताना कन्व्हर्टर टॉर्क साधारण दुप्पट करतो, हे या गुणाकारात येत नाही. माहितीपत्रकातील आकडे शेजारी शेजारी ठेवून होणारे बरेचसे वाद येथेच फसतात.

चढावरचा फरक पायांत दिसतो. पुढचे चाक गुडघाभर दगडाला टेकले, की स्वयंचलित गाडीचा चालक डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने हलकेच रेस देतो; चाक दगडावर चढते आणि पलीकडे धाडकन न आदळता उतरते. हाताच्या पेटीत तेच काम हाफ क्लचवर करायचा मोह होतो आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. योग्य रीत म्हणजे लो-पहिला टाकून क्लचवरून पाय पूर्ण काढणे. एंजिन बंद पडलेच, तर ब्रेक घट्ट धरून रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा, ब्रेक हळूहळू सैल करून गिअरमध्येच किल्ली फिरवायची. गाडी एंजिनाच्या धरणीवर (एंजिनाच्या रोधाने वेग आवरत) मागे उतरते. क्लच दाबल्याशिवाय सुरू न होणाऱ्या नव्या गाड्यांत ही जुनी युक्ती चालत नाही. न्यूट्रलमध्ये मागे घरंगळू देणे दोन्ही प्रकारांत घातक.

उतारावर हाताच्या पेटीचे पारडे जड. ‘ज्या गिअरात घाट चढलात, त्याच गिअरात उतरा’ हा घाटातल्या ड्रायव्हरांचा नियम तिच्याच जमान्यातला आहे. कन्व्हर्टर लॉक नसेल, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडलेल्या नसतील, तर तो घसरतो आणि एंजिनाची धरणी ढिली पडते. ही उणीव इलेक्ट्रॉनिक उतार-नियंत्रणाने बरीच भरून काढली. लँड रोव्हरने ते १९९७ च्या फ्रीलँडरमध्ये आणले, तेही त्या गाडीला लो नव्हता म्हणून. वाळूत गिअर बदलताना ओढ तुटली, की गाडी रुतते. तेथे स्वयंचलित पेटी सोयीची, मात्र तिच्या तेलाचे तापमान सांभाळावे लागते. बॅटरी उतरल्यास धक्का-स्टार्ट हाताच्या पेटीलाच शक्य.

भारतात १९४७ पासून जुळवल्या गेलेल्या महिंद्राच्या जीपमुळे आणि १९८५ च्या मारुती जिप्सीमुळे हाताची पेटी दीर्घकाळ गृहीतच होती. नाशिकला बनणाऱ्या थारची २०१० ची पिढी केवळ हाताच्या गिअरची. २ ऑक्टोबर २०२० च्या पिढीत सहा गिअरांच्या दोन्ही पेट्या आल्या, तरी लोचा दांडा दोन्हींत हातानेच ओढायचा. तिच्या पेट्रोल एंजिनाला हाताच्या पेटीसह ३०० व स्वयंचलितसह ३२० न्यूटन-मीटर टॉर्क दिला होता. २०२३ च्या जिम्नीत पाच गिअर हाताचे किंवा चार स्वयंचलित. फोर्स गुरखा २०२४ च्या आवृत्तीतही पाच गिअरांच्या हाताच्या पेटीसहच आली.