उथळ किनारी विलयविवराचे स्कूबा सर्वेक्षण

किनाऱ्यालगतच्या चुनखडकात विरघळण्याने पोकळी होऊन, तिचे छत कोसळून तयार झालेल्या आणि आता पाण्याखाली असलेल्या विवरात स्कूबा साधने, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर, घेऊन उतरणे व त्याच्या मापांवरून नकाशा तयार करणे. अशा विवराला सिंकहोल, तर समुद्रात ते गडद निळे दिसत असल्यास ब्लू होल म्हणतात. हौशी पाणबुड्यांसाठी ४० मीटर ही खोलीची मर्यादा साधारणपणे मानली जाते. तिच्या आत तळ असलेली विवरे या नोंदीत उथळ धरली आहेत. उथळ म्हणजे सोपे, हा समज मात्र या विषयात फार महागात पडतो.

पुण्याच्या परिसरात असे विवर सापडणार नाही. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पावसाच्या पाण्यात चुनखडकासारखा विरघळत नाही. पुणेकर आवर्जून पाहायला जातात ते निघोजचे रांजणखळगे कुकडीच्या पात्रात गोटे गरगर फिरून, घासून झाले आहेत. त्यांचा विलयाशी संबंध नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक जमिनीत गेला, तेव्हा ‘सिंकहोल’ हा शब्द घरोघरी पोचला. पण शहरातले असे खड्डे सहसा बुजवलेल्या विहिरी, फुटक्या वाहिन्या किंवा ढिला भराव यांमुळे पडतात. कोकणाचा किनाराही मुख्यतः बेसॉल्ट आणि जांभ्याचा. त्यामुळे इथल्या पाणबुड्याला खरे किनारी विलयविवर पाहायचे तर फ्लोरिडा, मेक्सिकोचा युकातान किंवा बहामाज गाठावे लागते.

या विवरांची घडण समजली की सर्वेक्षणातल्या अडचणीही समजतात. पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते आणि चुनखडक विरघळवते. किनाऱ्यावर त्यात आणखी एक गोष्ट घडते. गोडे आणि खारे पाणी वेगवेगळे असताना चुन्याने संपृक्त असले, म्हणजे आणखी चुना विरघळवू शकत नसले, तरी दोन्ही मिसळल्यावर होणारे पाणी पुन्हा चुनखडक खाऊ शकते. म्हणून दोन पाण्यांच्या सीमेवर पोकळ्या झपाट्याने वाढतात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. त्या काळात कोरड्या असलेल्या गुहा पुढे समुद्र चढल्यावर बुडाल्या. बेलीझच्या ग्रेट ब्लू होलमध्ये खोल पाण्यात आढळणारे लवणस्तंभ हाच पुरावा देतात, कारण ते फक्त हवेतच, थेंब थेंब ठिबकून तयार होतात. फ्रेंच सागरसंशोधक झाक इव्ह कुस्तो यांनी १९७१ मध्ये आपले ‘कॅलिप्सो’ जहाज तिथे नेल्यावर हे विवर जगभर गाजले. ते विवर सुमारे ३०० मीटर रुंद आणि १२० मीटरांहून खोल असल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेरचे आहे.

उथळ विवराचे तोंड अनेकदा लहान आणि पोट मोठे असते, रांजणासारखे. तळाशी कोसळलेल्या छताचा ढिगारा, त्यावर गाळ आणि पालापाचोळा. म्हणून मोजणीची सुरुवात मधोमध ओळंबा सोडून होते. वर तरंगता बोया, खाली वजन, मध्ये ताणलेली दोरी आणि तिच्यावर दर तीन मीटरांना खूण. जीपीएस पाण्याखाली चालत नाही, त्यामुळे विवराचे भौगोलिक स्थान वर बोयापाशीच घेतात. प्रवाहाने दोरी तिरपी झाली तर पूर्ण नकाशाच सरकतो. भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्याची वेळ धरून काम करतात ते यासाठीच.

मग दोघे पाणबुडे ठरलेल्या खोलीवर थांबतात. एक दोरीपाशी फीत धरतो, दुसरा होकायंत्राच्या एका दिशेने भिंतीपर्यंत जातो, फीत आडवी ताणतो आणि अंतर पाण्याखाली लिहिता येणाऱ्या पाटीवर लिहितो. ४५ अंश वळून पुन्हा तेच. आठ दिशा झाल्या की तीन मीटर खाली. पोलादी सिलिंडर होकायंत्राची सुई ओढतो, म्हणून यंत्र जोडीदाराच्या सिलिंडरपासूनही लांब, हात पसरून धरावे लागते. ढिगाऱ्याच्या उतारावर फीत आडवी धरता येत नाही. तिथे उतारावरचे अंतर आणि दोन्ही टोकांची खोली घेतात आणि शाळेतला पायथागोरस कामी येतो : उतारावर १३ मीटर, खोलीतला फरक ५ मीटर, तर नकाशावर अंतर १२ मीटर.

खोलीचा आकडाही सरळ नसतो. पाणबुड्याच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दाब मोजतो आणि पाण्याची घनता गृहीत धरून खोली दाखवतो. खारे पाणी गोड्यापेक्षा सुमारे तीन टक्के जड असल्याने चुकीचे सेटिंग असेल तर २० मीटरांत ६० सेंटिमीटरांची तफावत पडते. विवरात वर गोडे आणि खाली खारे पाणी असेल तर कोणतेच सेटिंग पूर्ण बरोबर नसते. खुणांची दोरी जास्त भरवशाची. प्रत्येक नोंदीसोबत वेळ लिहावीच लागते, कारण नंतर भरतीची उंची वजा करून सगळ्या खोल्या एका पातळीवर आणायच्या असतात. मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक बहुधा मीटरभराच्या आत असतो. पण विवराचे तोंडच दोन-तीन मीटर पाण्यात असेल तर तेवढ्याने नकाशावरची काठाची रेघ बदलते. खोल विवरात जी चूक लपून जाते ती उथळात उघडी पडते.

गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवर प्रकाश वाकडातिकडा होतो आणि समोरच्या फितीवरचे आकडे धुरकट दिसू लागतात. किंचित वरखाली होऊन स्थिर राहिले की पुन्हा वाचता येतात. काही विवरांत याच थराजवळ सडणाऱ्या पाल्यातून आलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा पांढुरका ढग साचलेला असतो. त्याखाली अंधार, आणि सडक्या अंड्यांचा वास मास्क घातलेला असूनही जाणवतो. अंगावरची चांदी काळी पडते. या थरात रेंगाळू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र फुगीर पोटाचा. भिंतीकडे सरकताना पाणबुडा नकळत छताखाली जातो, आणि पायातल्या फिनच्या, म्हणजे पोहण्याच्या पंखाच्या, एका फटक्याने गाळ उठला की उजेड कुठून येतो तेही कळत नाही. म्हणून छताखाली जायचे तर गुहेचे वेगळे प्रशिक्षण, बाहेरपर्यंत अखंड दोरी आणि हवेचा तिहेरी हिशेब हवा : एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. प्राथमिक ओपन वॉटर प्रमाणपत्रावर, म्हणजे १८ मीटरांच्या मर्यादेत, फक्त वर उघडे आकाश असलेला भाग मोजावा.

मोजणीची ही पद्धत शिकायला विवर लागत नाही. पुण्यातल्या जलतरण तलावात दोरीचे रीळ, पाटी आणि होकायंत्राचा सराव होतो. खुल्या पाण्याचा अनुभव मालवण-तारकर्लीत, पावसाळा सोडून, मिळतो. तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पुणेकरांना लागू पडणारी एक बाब बऱ्याच पुस्तकांत सुटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तारकर्लीहून परतताना आंबोलीसारखा त्याहून उंच घाट चढावा लागतो. बुडीत शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे बनून अपाय करू शकतो; म्हणून विमानप्रवासासाठी सांगितलेला थांबा, म्हणजे एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास, साधारण ६०० मीटरांपासून पुढच्या उंचीसाठी आहे. दुपारी शेवटची बुडी मारून त्याच संध्याकाळी घाट चढणारी गाडी या नियमाच्या कक्षेत येते. तेव्हा निघणे दुसऱ्या दिवशीच.